तालुक्याच्या कॉलेजातली मायक्रोबायोलॉजीची पीएच.डी.: पहिल्या कोऱ्या प्लेटपासून शेवटच्या डब्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालं, पेट (पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा) निघाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात जागा मिळाली. सोयाबीनच्या गाठींमधले जीवाणू किंवा लोणार सरोवर, यांतला एक विषय घे असं गाईड म्हणतात. ग्रुपमध्ये चौघं संशोधक. तिथलं काम प्रत्यक्षात कसं चालतं, कुठले टप्पे कधी यायला हवेत आणि मुलं नेमकी कुठे अडकतात?

कागदावरचे टप्पे आधी उरकून टाकतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी. कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षांची, कमाल ६. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा पेपर असतो आणि पास व्हायला ५५% लागतात. दर सेमिस्टरला आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) प्रगती मांडायची. प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही अट या नियमावलीत राहिलेली नाही. तरी आपल्या विद्यापीठाची अधिसूचना स्वतः वाचा, सीनियर सांगतात त्यावर जाऊ नका. सीनियरची नोंदणी बहुधा जुन्या नियमांत झालेली असते. प्रबंधातलं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १०% पर्यंत चालतं, ४०% पर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, त्यापुढे शिक्षा आहे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर डोळा ठेवा. झालं. या भागात फारसं कोणी अडकत नाही. अडकतात ते लॅबमध्ये, आणि तिथले टप्पे कुठल्याच परिपत्रकात नसतात.

त्यातला पहिला टप्पा म्हणजे कोरी प्लेट. मीडिया (जीवाणूंचं खाद्य) ओतलेली, वर काहीही न टाकलेली आणि तीन दिवसांनंतरही कोरीच राहिलेली. ऐकायला सोपं वाटतं, पण मीडिया, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या झोतातलं टेबल), पिपेट आणि हात या पाचही गोष्टी एका वेळी बरोबर असल्याशिवाय ती मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात तीन प्रकारच्या प्लेटा लावा, प्रत्येकी पाच. पहिल्या पाच ओतून, गोठल्यावर उलट्या करून थेट इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या पाच लॅमिनारमध्ये १५ मिनिटं झाकण काढून. तिसऱ्या पाचांवर निर्जंतुक सलाईन ०.१ मिली टाकून, स्प्रेडरने पसरून. सगळ्या ३० अंशांवर ७२ तास. पहिल्या गटात वाढ आली तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा प्लेटा ओतण्याचा. पहिला गट कोरा आणि दुसऱ्यात वाढ, तर लॅमिनारचा फिल्टर नाहीतर खोलीतली हवा. फक्त तिसऱ्यात वाढ असेल तर सलाईन, टिप किंवा स्प्रेडर पाहा. सलाईनची बाटली एकदा उघडून आठवडाभर वापरण्याची सवय असते, तिथेच बहुधा चोर सापडतो. १० मिलीच्या नळ्या भरून ठेवा, एकदा उघडली की संपली.

हे तिन्ही गट लागोपाठ तीन आठवडे कोरे आले की मगच नमुन्याला हात लावा. पुढेही प्रत्येक प्रयोगात एक कोरी प्लेट हवीच, आणि तिचा निकाल वहीत आकड्यांच्या आधी लिहायचा. कोऱ्या प्लेटवर चार कॉलनी (जीवाणूंचे ठिपके) आल्या असतील, तर त्या दिवशीच्या बाकीच्या चाळीस प्लेटा मोजण्यात अर्थ नाही.

ऑटोक्लेव्हबद्दल चार गोष्टी. व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफेची सलग धार पाच-सात मिनिटं निघू द्या. आत हवा अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान १२१ अंशांना पोचत नाही. वेळ मोजायची ती दाब आल्यापासून, हीटर लावल्यापासून नाही. २०० मिलीच्या फ्लास्कला १५ मिनिटं पुरतात, एक लिटरच्या बाटलीला पुरत नाहीत, २५ ते ३० द्या. बाटली दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. आणि घाईने दाब सोडू नका; मीडिया उसळतो, कापसाचा बोळा भिजतो, आणि ओल्या बोळ्यातून जीवाणू आत जातात. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उठल्या म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, तिथे उष्णता पोचली एवढंच. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची, महिन्यातून एकदा घ्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात किंवा बोअरच्या जड पाण्यावर असाल तर ऑटोक्लेव्हमध्ये नळाचं पाणी घालूच नका. कॉइलवर पांढरा थर चढतो, दाब यायला वीसच्या जागी पन्नास मिनिटं लागतात आणि एक दिवस कॉइल जळते. डिस्टिलेशनच्या हीटरलाही तोच थर चढतो, तो आठवड्याला पातळ सायट्रिक ॲसिडने काढा.

आता वैदर्भीय उन्हाळा. मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत हा अध्याय नसतो. मीडिया घट्ट करणारा अगार ८५ अंशांच्या पुढे वितळतो आणि ३५ ते ४० अंशांच्या आसपास गोठतो. मे महिन्यात दुपारी खोलीतच ४२ अंश असेल, तर प्लेट ओतून अर्धा तास झाला तरी ती पातळच राहते. मुलं समजतात अगार कमी पडला, आणि पुढच्या वेळी १५ ग्रॅमचा १८ ग्रॅम करतात. दोष अगारचा नसतो. प्लेटा पहाटे साडेपाच ते साडेसातच्या आत ओता, किंवा फ्रीजमध्ये गार केलेल्या स्टीलच्या ट्रेवर ठेवून ओता. ट्रे आधी अल्कोहोलने पुसून कोरडा करा. मीडिया ४५ ते ५० अंशांवर आणून मगच ओता, बाटली गालाला सहन होईल इतपत गरम. गरमागरम ओतला तर झाकणात पाणी साचतं, ते थेंब पृष्ठभागावर पडतात आणि वेगळ्या उठलेल्या कॉलनी एकमेकींत वाहून जातात. एका ९० मिमी प्लेटला २० मिली, कोरड्या उन्हाळ्यात २५. पातळ प्लेट तीन दिवसांत सुकून कडेने उचलली जाते.

दुसरा शत्रू कूलर. खसाच्या ताट्यांचा कूलर प्लेटा ओतायच्या खोलीत चालू असेल, तर टाकीतले स्यूडोमोनास आणि ताट्यांवरची बुरशी तुम्ही पंख्याने सगळ्या खोलीत पेरताय. मार्च-एप्रिलमध्ये अचानक सगळ्या प्लेटांवर हिरवी-काळी बुरशी दिसू लागली की आधी कूलर कधी सुरू झाला ती तारीख पाहा. लॅमिनारच्या खोलीत कूलर नको. एसी नसेल तर काम पहाटे करा. कूलर शेजारच्या खोलीत चालतो, मधलं दार बंद हवं.

तिसरी गोष्ट इन्क्युबेटर, आणि इथे प्रबंधाचे आकडेच खोटे होतात. साधा बॅक्टेरिऑलॉजिकल इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही. खोली ४१ अंशांवर असेल तर ३० वर लावलेला डबा ४२ वर असतो, समोरची डायल मात्र शांतपणे ३० वरच असते. ब्रॅडीरायझोबियमला, म्हणजे सोयाबीनच्या गाठींतल्या जीवाणूला, २८ अंश हवेत. या डब्यात तो वाढत नाही किंवा अर्धमेला वाढतो, आणि मूल लिहितं की 'उन्हाळ्यातल्या नमुन्यांत संख्या कमी आढळली'. त्यासाठी कॉम्प्रेसर असलेला बीओडी इन्क्युबेटर लागतो. तोही भरवशावर सोडू नका: ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बीकरमध्ये थर्मामीटर उभा करून आत ठेवा, सकाळी आठ आणि दुपारी तीन या दोन वेळा नोंदवहीत लिहा. आरएसीत कोणी विचारलं तर ही नोंदवहीच तुमची बाजू मांडेल.

आणि लाईन. ऑटोक्लेव्ह चालू असताना लाईन गेली आणि दाब पडला तर उरलेली मिनिटं पुढे जोडायची नाहीत, दाब आल्यावर पहिल्यापासून मोजा. पण तोच मीडिया दोन-तीनदा शिजला तर टाकून द्या. साखर असलेला मीडिया तपकिरी पडतो, अगारचा कस जातो, प्लेट मऊ राहते. लॅमिनारमध्ये काम करताना लाईन गेली तर पहिलं काम झाकणं लावणं. ब्लोअर बंद म्हणजे संरक्षण संपलं. परत आल्यावर १५-२० मिनिटं ब्लोअर चालू ठेवा, पृष्ठभाग ७०% अल्कोहोलने पुसा, मग बसा. थोडा मीडिया तातडीने हवा असेल तर घरचा पाच लिटरचा प्रेशर कुकर चालतो: शिटी झाली की आच मंद, २५ मिनिटं, गार होईपर्यंत उघडायचा नाही. रोजच्या कामाला तो नको, पण भारनियमनाच्या दिवसांत त्याने पुष्कळांचे आठवडे वाचवलेत. डीप फ्रीजर अर्धा रिकामा असेल तर उरलेली जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. बर्फाचा साठा असलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा बराच जास्त वेळ थंडी धरतो. दार उघडून 'बघू किती गार आहे' हे बंद.

आता विषयाकडे. सोयाबीन घेतलंत तर वर्षाचं वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, खरीप ठरवतो. पेरणी जूनच्या उत्तरार्धात झाली तर गाठी काढायची वेळ पेरणीनंतर ४० ते ५० दिवस, फुलं लागताना. म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. पोळ्यापर्यंत थांबलात तर दाणे भरू लागतात, गाठी आतून हिरवट-तपकिरी पडतात आणि जिवंत रायझोबियम मिळणं अवघड होतं. तो पंधरवडा हुकला की विषय एक वर्ष मागे. म्हणून कोर्सवर्कच्या परीक्षेचं वेळापत्रक आलं की आधी ऑगस्ट मोकळा आहे का ते पाहा.

वावरात जाताना शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असू द्या: बियाण्याला कुठलं बुरशीनाशक चोळलं, रायझोबियमचं पाकीट लावलं का, आधीच्या वर्षी सोयाबीन होतं की पऱ्हाटी, शेवटची फवारणी कधी. पाकीट लावलं असेल तर तुम्ही 'स्थानिक' म्हणून वेगळा केलेला जीवाणू कंपनीचाच असू शकतो. धुऱ्याजवळची झाडं सोडा, आत वेगवेगळ्या तासांतली निदान पाच झाडं घ्या. उपटू नका. काळ्या जमिनीत उपटलं की गाठी मातीतच राहतात. १५-२० सेंमी अंतरावरून फावड्याने ढेकळासकट उचला, ढेकूळ बादलीत भिजवा, माती आपोआप सुटते. मुख्य मुळावरच्या, टणक, कापल्यावर आतून लालसर-गुलाबी दिसणाऱ्या गाठी घ्या, पांढऱ्या किंवा हिरव्या नको. प्रत्येक गाठीबरोबर मुळाचा अर्धा सेंमी तुकडा ठेवा म्हणजे चिमट्याने धरता येतं आणि गाठ फुटत नाही.

निर्जंतुकीकरण: ९५% अल्कोहोलमध्ये ३० सेकंद (पृष्ठताण मोडायला), मग ३% सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ ते ४ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुणं. हायपोक्लोराइट ताजं हवं, उन्हाळ्यात खिडकीत राहिलेली बाटली निकामी असते. जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेलं सापडेल. काम होतं, पण पाऱ्याचं पाणी कॉलेजच्या नालीत सोडता येत नाही, म्हणून ते नकोच. सहाव्या धुण्याचं पाणी ०.१ मिली प्लेटवर पसरा. तिथे काही उगवलं तर गाठीच्या आतून आलेलं म्हणून जे दाखवताय ते बाहेरचं आहे. पुन्हा तीच कोरी प्लेट.

गाठ निर्जंतुक काचकांडीने थेंबभर पाण्यात चुरडून यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर रेघाटा. लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५, अगार १५, पीएच ६.८. काँगो रेड या रंगाचं ०.२५% द्रावण १० मिली. प्लेटा २८ अंशांवर, अंधारात. उजेडात रायझोबियमही लाल रंग ओढतो आणि फरक पुसला जातो. दुसऱ्या दिवशी ज्या टपोऱ्या कॉलनी दिसतात त्यांना भुलू नका. ब्रॅडीरायझोबियम सावकाश वाढतो, टाचणीच्या डोक्याएवढी कॉलनी व्हायला पाच ते सात दिवस लागतात. नवशिक्यांच्या निम्म्या 'रायझोबियम'चं बॅसिलस निघण्याचं कारण हेच, की दोन दिवसांतली कॉलनी उचलली. शेवटचा पुरावा एकच: निर्जंतुक वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये नायट्रोजनविरहित पोषण देऊन सोयाबीन लावा, जीवाणू टाका, चार-पाच आठवड्यांनी गाठी येतात का पाहा. जीवाणू न टाकलेल्या कुंड्यांत गाठी आल्या तर प्रयोग बाद.

फॉस्फेट विरघळवणाऱ्या जीवाणूंचा मोह प्रत्येक ग्रुपला होतो, कारण पिकोव्हस्काया अगारवर (न विरघळलेलं फॉस्फेट घातलेल्या मीडियावर) कॉलनीभोवती स्वच्छ कडं उठलं की फोटो छान येतो. पण आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच ८ च्या आसपास. जीवाणूने सोडलेलं ॲसिड ती जागीच मारून टाकते. प्लेटमध्ये तशी अडवणूक नसते. म्हणून निवडलेले जीवाणू १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच धरून ठेवणारं रसायन) घालून पीएच ८ ला बांधलेल्या मीडियावर पुन्हा तपासा. वीसपैकी दोन उरले तर वाईट वाटून घेऊ नका. ते दोनच कुंडीत नेण्याच्या लायकीचे आहेत, आणि अठरा का पडले हा तुमच्या प्रबंधातला चांगला परिच्छेद होईल.

लोणार घेतलंत तर आधी परवानगी. सरोवर अभयारण्यात येतं, २०२० पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा भरायची नाही. अर्ज नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच टाका. पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच साधारण १०, म्हणून मीडियातही १% सोडियम कार्बोनेट लागतं. ते अगारसोबत ऑटोक्लेव्ह केलं तर अगार तपकिरी होतो आणि गोठतच नाही. १० ग्रॅम कार्बोनेट १०० मिलीमध्ये वेगळं निर्जंतुक करा, बाकीचा मीडिया ९०० मिलीमध्ये, दोन्ही ५०-५५ अंशांवर आणून मिसळा आणि लगेच ओता. पीएच मिसळल्यानंतर पाहायचा, आधीचा उपयोगाचा नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा त्यामागे खारं पाणी मानवणारे आर्किया (जीवाणूंसारखे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) असल्याचं दिसून आलं. ते हवे असतील तर मिठाचं प्रमाण १५ ते २०% आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर लागतो. इतके दिवस प्लेटा सुकू नयेत म्हणून त्या झिपच्या पिशवीत ठेवा.

मोजणीत हमखास होणाऱ्या चुका दोन. एक, १ ग्रॅम माती ९ मिलीमध्ये. काळ्या मातीचा एक ग्रॅम वावराचं प्रतिनिधित्व करत नाही, १० ग्रॅम ९० मिली सलाईनमध्ये, काचेचे मणी टाकून २० ते ३० मिनिटं हलवा. पहिल्या पातळीकरणातून घेताना चिकणमाती खाली बसू देऊ नका, जीवाणू तिलाच चिकटलेले असतात. प्रत्येक पायरीला नवी टिप. ३० ते ३०० कॉलनींचीच प्लेट मोजा. उदाहरण: दहाच्या उणे पाचव्या पातळीकरणाचे ०.१ मिली पसरून ८४ कॉलनी आल्या, तर ८.४ कोटी प्रति ग्रॅम ओली माती. मातीत २०% ओल असेल तर ०.८ ने भागा, १०.५ कोटी प्रति ग्रॅम कोरडी माती. ऑगस्ट आणि मे यांची तुलना करताना हे भागणं राहिलं तर फरक जीवाणूंचा नसतो, पाण्याचा असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एकाच नळीतून तीन प्लेटा लावल्या म्हणजे तीन पुनरावृत्ती झाल्या नाहीत. त्याने तुमची पिपेट किती स्थिर आहे एवढंच कळतं. पुनरावृत्ती म्हणजे तीन वेगळ्या झाडांच्या, तीन वेगळ्या कुंड्यांच्या, वेगळ्या दिवशी वाढवलेल्या कल्चरच्या (जीवाणूंच्या वाढीच्या). हे चौथ्या वर्षी परीक्षकाने सांगितलं तर आणखी एक खरीप जातो. पहिल्या वर्षीच संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे कागद घेऊन बसा.

शुद्ध कल्चर हाती आलं की त्याच दिवशी साठा करा. 'उद्या करू' म्हणून फ्रीजच्या दारात राहिलेला स्लँट (नळीत तिरका गोठवलेला मीडिया) पावसाळ्यात बुरशीने खाल्ला जातो. उणे ८० चा फ्रीजर तालुक्याला क्वचितच असतो. तो असेल तर २०% ग्लिसरीन. उणे २० वरच भागवायचं असेल तर ५०% घ्या, कारण तेवढ्या ग्लिसरीनमध्ये पाणी घट्ट गोठत नाही आणि लाईन गेल्यावरचं गोठणं-वितळणं सोसलं जातं. दर वर्षी नव्याने करा. तिसरी प्रत विजेशिवाय टिकणारी हवी: स्लँटवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन, माध्यमाच्या टोकाच्या वर एक सेंमी. पॅराफिन ऑटोक्लेव्हमधून निघतं तेव्हा दुधी दिसतं, आत पाणी असतं. ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, काचेसारखं नितळ झालं की वापरा. तिन्ही प्रती एका खोलीत नकोत. लेबल पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनने. साध्या मार्करचं नाव एका पुसण्यात जातं आणि मग बारा नळ्या 'बहुतेक हाच असेल' होऊन बसतात.

ओळख पटवायला १६ एस (जीवाणू ओळखण्यासाठी वाचतात तो जीन). २७ एफ आणि १४९२ आर हे प्रायमर, साधारण १,५०० बेसचा तुकडा, १% अगारोजवर एकच स्वच्छ पट्टी. दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. एका बाजूचे ७०० बेस पुरत नाहीत. आलेल्या क्रोमॅटोग्रामची (सीक्वेन्सच्या आलेखाची) शिखरं स्वतः डोळ्यांनी पाहा. एकाखाली एक दुहेरी शिखरं दिसली तर कल्चर मिश्र आहे, सीक्वेन्सिंगवाल्यांशी भांडू नका, परत रेघाटा. साम्य ९८.७% पेक्षा कमी तर नवी प्रजाती असू शकते, पण त्यावर असलं म्हणजे प्रजाती ठरली असं होत नाही. बॅसिलसमध्ये तर नाहीच. सिरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅसिस १६ एसवर जवळजवळ सारखे दिसतात. शेतकऱ्याच्या हातात द्यायचं जैवखत म्हणून बॅसिलस मांडणार असाल तर रक्त-अगारची चाचणी आणि दुसरा एखादा जीन आधी, कुंड्या नंतर.

कल्चर पुण्याला एनसीएमआर किंवा चंडीगडला एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांकडे पाठवताना प्लेट नाही, स्क्रू-झाकणाचा स्लँट. पार्सल सोमवारी टाका. शुक्रवारी टाकलेलं रविवारभर कुठल्यातरी गोदामात तापत पडतं. एप्रिल-मे टाळताच आला तर टाळा.

आता ग्रुपबद्दल. कॉलेजच्या केंद्रात लॅब तुमची एकट्याची नसते. अकरा ते पाच बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि तेव्हा एकही फ्लास्क जागेवर नसतो, मे महिन्यात कॉलेज बंद आणि किल्ली शिपाईभाऊंकडे. सुट्टीतल्या कामाचं प्राचार्यांच्या सहीचं पत्र एप्रिलमध्येच करून घ्या. चौघांत कामं वाटून भिंतीवर लावा: ऑटोक्लेव्ह, डिस्टिल्ड वॉटर, नोंदवही आणि टाकाऊ प्लेटा. चौथं काम कोणालाच नको असतं, म्हणून ते फिरतं ठेवा. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांवर ४५ मिनिटं, मगच बाहेर. नगरपरिषदेच्या गाडीत जिवंत कल्चर जाता कामा नये.

स्प्रेडर बुडवायचा अल्कोहोलचा बीकर बर्नरपासून हातभर लांब आणि शेजारी काचेची ताटली. लाल झालेला स्प्रेडर परत बुडवला की भडका उडतो. बीकर ताटलीने झाका, विझतो. पाणी ओतायचं नाही, पेटतं अल्कोहोल टेबलभर पसरतं.

खरेदी हा वेगळाच प्रकार. तीन कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, माल यात दोन महिने सहज जातात आणि ३१ मार्चच्या आसपास सगळं थांबतं. ऑगस्टला लागणारा मीडिया मे महिन्यात मागवलेला हवा. एन्झाइम बर्फात येतं, त्यामुळे ते गावच्या कुरिअरवाल्याकडे पोचण्याची वाट पाहण्यापेक्षा अकोल्याला किंवा अमरावतीला कोणी जात असेल त्याच्याकडून थर्माकोलच्या डब्यात आणवा.

शनिवारी तासभर बसण्याची पद्धत असेल तर टिकवा, नसेल तर गाईडना विनंती करा. त्यात पेपर वाचण्याइतकंच महत्त्व आठवड्यात काय बिघडलं ते सांगण्याला द्या. एकाचं सलाईन खराब निघालं हे बाकी तिघांना सोमवारी कळलं तर तीन आठवडे वाचतात. लपवलं तर तीच बाटली सगळे वापरतात.

वेळेचा अंदाज म्हणाल तर: पहिले सहा महिने कोर्सवर्क, विषयमंजुरी आणि कोऱ्या प्लेटा. पहिला खरीप, पन्नास-साठ शुद्ध कल्चर. रब्बी आणि उन्हाळ्यात चाचण्या, त्यातून दहा. दुसरा खरीप, तेच नमुने पुन्हा आणि कुंड्यांचा प्रयोग. तिसरा खरीप वावरात, प्लॉट पाडून. म्हणजे वावरापर्यंत जायचं तर साडेतीन-चार वर्षं लागणारच, तीन वर्षांत सगळं होईल असं घरी सांगून ठेवू नका. लिहायला शेवटी बसू नका. पद्धतींचं प्रकरण ज्या आठवड्यात पद्धत बसली त्याच आठवड्यात लिहून काढा. रसायनांचे लॉट नंबर नंतर आठवत नाहीत. प्री-सबमिशनला सगळे विद्यार्थी-शिक्षक बसलेले असतात, आणि पहिला प्रश्न बहुधा कंट्रोलचाच (कोऱ्या प्लेटसारख्या तुलनेच्या नमुन्याचाच) येतो.

आणि जाताना डबा सोपवायचा. प्रत्येक कल्चरच्या दोन नळ्या, सोबत एक कागद: क्रमांक, गाव, पीक, तारीख, कुठला मीडिया, किती अंश, शेवटचं कधी जिवंत तपासलं, सीक्वेन्सचा डेटाबँकेतला ॲक्सेशन क्रमांक. मागून येणाऱ्या ज्युनिअरला तुमच्यासमोर बसवून त्यातली कुठलीही पाच कल्चर रेघाटायला सांगा. पाचही उगवली, आणि शेजारची न रेघाटलेली प्लेट कोरी राहिली, की ना-हरकत दाखल्यावर गाईडची सही घ्या.